रणगाड्याचं झाकण उघडं ठेवा

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कर्जत लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की लिहू म्हणतो, आणि जागा मिळाली की नेरळ यायच्या आत डोळा लागतो. पण गेले पंधरा दिवस एकाच विषयावर इतक्या जणांशी वाद घातलाय, की तो एकदा नीट लिहूनच काढावा म्हटलं. म्हणजे पुन्हा कुणी विचारलं तर 'वाच' म्हणून सांगता येईल. विषय आमच्या घरात शोभणारा नाही. रणगाडा!

झालं असं, की आमच्या शाळेच्या जुन्या बॅचचा एक ग्रुप आहे. एरवी तिथे सुप्रभात आणि वाढदिवस यापलीकडे फारसं काही नसतं. एके सकाळी एकाने टाकलं, की लष्करातून निवृत्त झालेले रणगाडे शाळा-कॉलेजांना, गावांना ठेवायला मिळतात, आपणही प्रयत्न करू या, चौकात छान चौथरा बांधू, वर रणगाडा, भोवती लाइट, पोरांना स्फूर्ती मिळेल. झालं! अंगठ्यांचा पाऊस पडला. मी एकट्याने लिहिलं, "मला नाही पटत." त्यावर जे काही ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही. नातेवाईक वाचतात.

खरं सांगायचं तर, मला का पटत नाही हे तेव्हा मलाही नीट सांगता येत नव्हतं. ते कळलं अप्पाकाकांच्या शेतावर.

अप्पाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. घर खालापूर तालुक्यात, आता वय अठ्ठ्याहत्तर. आमच्या पिढीला ते 'मिलिटरीतले काका' म्हणून माहीत. ते रणगाड्यावर ड्रायव्हर होते हे माहीत असलं तरी त्याबद्दल ते कधी बोलायचे नाहीत, आणि आम्हीही कधी विचारलं नाही. उजव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे लग्नाकार्यात त्यांच्या डाव्या बाजूला बसायचं एवढं मात्र घरातल्या प्रत्येक लेकराला ठाऊक.

यंदा पाऊस लांबला. भात पिकून उभं आणि खाचरात अजून पाणी. माणसं मिळत नाहीत, म्हणून काकांच्या मुलाने भाड्याने हार्वेस्टर आणलं, ते रबरी पट्ट्यावर चालणारं. चाकाचं यंत्र आमच्या चिखलात उतरलं तर ओढून काढायला दुसरं यंत्र लागतं. मी सुट्टी काढून गेलो होतो. ते धूड बांधावरून वर चढलं, क्षणभर तोंड आभाळाकडे, आणि मग धप्पकन खाचरात उतरून चालायला लागलं. काकांचा सहा वर्षांचा नातू ओरडला, "आजोबा, रणगाडा!"

बाकीचे हसले. काका हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर बोलला तो. ह्याच्याच खानदानातला आहे रणगाडा. आधी शेतातला, मग लढाईतला."

मला वाटलं नातवाची समजूत काढतायत. घरी येऊन पुस्तकं काढली, वाचलं, आणि काका शब्दशः खरं बोलले होते.

कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन गावाजवळ नदीमुखाची काळी, भुसभुशीत जमीन आहे. तिथे शेती करायला वाफेवरचे प्रचंड ट्रॅक्टर आणले, ते आपल्याच वजनाने रुतायला लागले. चाकं रुंद केली, आणखी रुंद केली, शेवटी यंत्रापेक्षा चाकं मोठी व्हायची वेळ आली. मग बेंजामिन होल्ट या कारखानदाराने १९०४ मध्ये मागची चाकं काढून त्या जागी साखळीवर बसवलेल्या लाकडी फळ्यांचा फिरता पट्टा लावून पाहिला. ट्रॅक्टर रुतला नाही.

यातली युक्ती आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. चिखलात माणूस पाय टाकतो तेव्हा सगळं वजन तळव्याएवढ्या जागेवर येतं आणि पाय गुडघ्यापर्यंत जातो. तिथेच फळी टाकून तिच्यावर उभं राहा, वरच्या वर राहाल. वजन तेवढंच, पण जागा जास्त. पट्ट्याचं यंत्र म्हणजे आपल्यापुढे आपणच फळी टाकायची, तिच्यावरून जायचं आणि मागची उचलून पुन्हा पुढे टाकायची. कर्जतच्या डोंगरांत सध्या फार्महाउससाठी जे पोकलेन चाललेत ना, त्यांच्या पायातही हेच.

पुढे १९१४ मध्ये युरोपात युद्ध पेटलं आणि काही महिन्यांत ते जमिनीत गाडलं गेलं. दोन्हीकडून खंदक, मध्ये काटेरी तारा, समोर मशीनगन. जो वर डोकं काढील तो मेला. १ जुलै १९१६ या एका दिवसात, सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, ब्रिटिश सैन्याचे १९,२४० जण मारले गेले. आकडा पुन्हा वाचा. एक दिवस! मधल्या जमिनीवर तोफगोळ्यांनी असे खड्डे पाडले होते, की पावसात तिथे बुडून माणसं मेली. घोडा चालत नाही, मोटार चालत नाही, माणूस चालला तर परत येत नाही. अशा जमिनीवरून कोण जाईल? तर शेतातला तो पट्टेवाला ट्रॅक्टर. स्विंटन नावाच्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या डोक्यात १९१४ च्या शरदातच हे आलं होतं. लष्करातल्या वरिष्ठांना त्याचं विशेष कौतुक वाटलं नाही. उचलून धरलं कुणी, तर आरमाराने! चर्चिल तेव्हा आरमाराचा मंत्री होता, त्याने फेब्रुवारी १९१५ मध्ये 'जमिनीवरच्या जहाजां'साठी समिती नेमली. आणि यंत्र बांधलं ते लिंकन गावातल्या विल्यम फॉस्टर कंपनीने, जी शेतीची अवजारं आणि मळणीयंत्रं बनवायची. ट्रिटन आणि विल्सन या दोघांनी ते घडवलं. म्हणजे बघा, शेतासाठी निघालेला पट्टा, मळणीयंत्रं करणारा कारखाना, आणि घासाघीस चिखलाशी. लढाई त्यात सगळ्यात शेवटी आली.

नावाची गोष्ट तर आपल्या आणखी जवळची आहे. १९१५ च्या अखेरीस हे यंत्र गुप्त ठेवायचं म्हणून त्याला काहीतरी साधं नाव हवं होतं. कारखान्यात सांगण्यात आलं, की मेसोपोटेमियाच्या वाळवंटात पाणी वाहून न्यायच्या टाक्या बनतायत. म्हणून 'टँक'. आता हा इंग्रजी शब्द आला कुठून? कोशकार त्याचा एक धागा गुजराती-मराठीतल्या टाक्याशी जोडतात, पोर्तुगीज शब्दाचाही त्यात वाटा मानतात. टाकं! कोथळीगडावर, इरसालवर चढून दमल्यावर ज्यातलं गार पाणी आपण पितो ते कातळातलं टाकं. जगातल्या सगळ्यात अवजड शस्त्राच्या नावात आपल्या गडावरच्या पाण्याचा अंश आहे, हे वाचून मी लोकलमध्ये एकटाच हसलो. शेजारच्याने जरा सरकून घेतलं.

पण हसू टिकलं नाही. कारण लिंकनमध्ये 'मेसोपोटेमियासाठी पाण्याच्या टाक्या' अशी थाप चालू होती, त्याच महिन्यांत खऱ्या मेसोपोटेमियात, कुत-अल-अमाराला, पुण्याहून गेलेली सहावी डिव्हिजन वेढ्यात उपाशी होती. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्यात होत्या. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. त्यानंतरच्या कैदेत किती तरी जण परतलेच नाहीत. त्यांच्यासाठी ना टाक्या आल्या, ना रणगाडे.

मराठीने मात्र या यंत्राला फसवं नाव दिलं नाही. आपण रणगाडा म्हटलं. गाडा. बैल जोडून ओढायचा तो गाडा. हे नाव ज्या कुणाला सुचलं त्याला माझा नमस्कार. यंत्राचं मूळ गाव त्याने बरोबर ओळखलं.

आता त्या पहिल्या गाड्याच्या आत जाऊ. मार्क-१ त्याचं नाव. वजन २८ टन, इंजिन १०५ अश्वशक्तीचं, वेग ताशी सहा किलोमीटर, तोही सपाटीवर. म्हणजे आमच्या आजीची चाल. आत आठ माणसं, आणि नुसता गाडा वळवायला त्यातली चार लागायची. इंजिन वेगळ्या खोलीत नाही, माणसांच्या मधोमध उघडं. आतली उष्णता पन्नास अंशांच्या आसपास जायची. इंजिनाचा विषारी वायू आतच कोंडायचा, माणसं ओकायची, बेशुद्ध पडायची. आवाज असा की बोलणं अशक्य, इशारे करायचे किंवा लोखंडावर हातोडा ठोकायचा. बाहेर निरोप पाठवायला कबुतरं. हो, रणगाड्यात कबुतरं! आणि बाहेरून गोळी चिलखतावर आपटली की ती आत आली नाही तरी लोखंडाचे तापलेले कण आतून उडायचे, म्हणून तोंडावर साखळ्यांचे मुखवटे लावून बसायचं.

हे मी काकांना वाचून दाखवलं, अर्थात डाव्या बाजूला बसून. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या विजयंतात एवढं नव्हतं. पण मे महिन्यात, झाकण लावून... काय फार वेगळं नव्हतं रे."

ते पहिले रणगाडे १५ सप्टेंबर १९१६ ला सोमच्याच आघाडीवर, फ्लेर-कुर्सेलेत लढाईत उतरले. एकोणपन्नास आणले होते, सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोचले सुमारे बत्तीस. बाकीचे वाटेतच बंद पडले किंवा रुतले. त्यातल्या चारांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. हाय वुड नावाची एक राई होती. दोन महिन्यांपूर्वी, १४ जुलैला, याच राईवर आपल्या डेक्कन हॉर्सचे घोडेस्वार इंग्रज स्वारांच्या जोडीने, उभ्या पिकातून, भाले रोखून चालून गेले होते. त्याच ब्रिगेडमध्ये पूना हॉर्सही होती. मशीनगनपुढे भाले! रात्र तिथे काढून सकाळी त्यांना मागे घ्यावं लागलं. आता त्याच राईत रणगाडे पाठवायचं ठरलं. रणगाडेवाल्यांनी सांगितलं, साहेब, आत नुसते तुटलेले बुंधे आणि खड्डे आहेत, गाडे अडकतील, बाजूने जाऊ द्या. वरिष्ठांनी ऐकलं नाही. गाडे अडकले. राई त्या दिवशी हाती आली, पण पायदळाने ती फार मोठी किंमत देऊन घेतली.

मला या सगळ्या इतिहासातली ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. दोन महिन्यांच्या अंतराने त्याच जागी आधी घोडा पाठवला, मग यंत्र. दोन्ही वेळा चूक तीच. जमीन पाहिलेल्या माणसाचं ऐकलं नाही.

ऐकलं की काय होतं तेही दिसलं, पण पुढच्या वर्षी, आणि तेही आधी आणखी एक धडा घेऊन. १९१७ च्या पावसाळी उन्हाळ्यात ईप्रजवळच्या चिखलात रणगाडे शब्दशः बुडाले. मग २० नोव्हेंबरला काँब्रेसमोर जागा निवडली ती कोरडी, चुनखडीची, तोफांनी न उकरलेली. एकूण ४७६ रणगाडे, एकदम. जर्मनांचे खंदक रुंद होते, म्हणून गाड्यांच्या डोक्यावर फाट्यांच्या मोळ्या. आपल्याकडे ठाकरणी डोक्यावर घेऊन नेरळच्या बाजाराला यायच्या तशाच, फक्त एकेक मोळी दीड टनापेक्षा जड आणि साखळीने आवळलेली. खंदकाच्या तोंडाशी यायचं, मोळी आत टाकायची, तिच्यावरून पलीकडे. त्या मोळ्या चिनी मजुरांच्या एका तुकडीने बांधल्या होत्या. त्यांची नावं कुठल्या चौथऱ्यावर आहेत? असो.

त्या दिवशी सहा-सात किलोमीटर आत मुसंडी मारली. जिथे महिनोन्‌महिने लाखाच्या हिशेबात माणसं घालवून तेवढी जमीन मिळत नव्हती, तिथे एका दिवसात! इंग्लंडमध्ये चर्चच्या घंटा वाजवल्या. पण संध्याकाळपर्यंत १७९ रणगाडे कामातून गेले होते, आणि त्यातले शत्रूने मारलेले किती? ६५. बाकीचे ११४ नुसते बिघडून नाही तर खड्ड्यात अडकून. दहा दिवसांनी जर्मनांनी उलट हल्ला चढवला आणि मिळवलेलं बरंचसं गेलं. पुढच्या वर्षी, ८ ऑगस्ट १९१८ ला आमियाँला चारशेच्या वर रणगाडे निघाले आणि मोठा विजय मिळाला. पण पाचव्या दिवशी चालू स्थितीतले रणगाडे बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

हे वाचताना मला सारखी आमची उंबरखिंड आठवत होती. काकांच्याच तालुक्यात, चावणीजवळ. फेब्रुवारी १६६१. शाहिस्तेखानाने पाठवलेला कारतलबखान घाटावरून कोकणात उतरला, मोठं सैन्य, मोठं सामान, भरपूर दारूगोळा. काय कमी होतं त्याच्याकडे? अरुंद वाट, दोन्ही अंगांना रान, पुढे-मागे रस्ता बंद, पाणी नाही. महाराजांचं सैन्य त्या मानाने लहान. शेवटी रायबागनच्या सल्ल्याने खानाने शरणागती पत्करली, खंडणी दिली आणि सगळं सामान तिथेच टाकून गेला. जड असणं हीच अडचण झाली त्याची. रणगाड्याच्या पहिल्या दोन वर्षांत हेच परत परत घडलं, फक्त खिंडीच्या जागी चिखल.

याचा अर्थ रणगाडा निरुपयोगी होता असं नाही हं. ग्रुपवर माझ्यावर तोच आरोप झाला म्हणून स्पष्ट लिहितो. ज्याने सोमचे आकडे वाचलेत तो त्या यंत्राला नावं ठेवणार नाही. ते माणसं वाचवायला निघालं होतं, आणि पुष्कळांना वाचवलंही. माझं म्हणणं एवढंच, की नुसत्या लोखंडाने काही झालं नाही. जिथे पायदळ बरोबर चाललं, जमीन निवडली, दुरुस्तीवाले मागे होते, तिथे ते चाललं. जिथे 'आपल्याकडे रणगाडा आहे ना!' एवढ्यावर भागवलं, तिथे फसलं.

महायुद्धानंतरची वीस वर्षं याचाच पुरावा. फ्रेंचांनी १९१७ मध्येच रेनॉ एफटी हा छोटा रणगाडा काढला होता. वर गोल फिरणारा बुरूज, पुढे ड्रायव्हर, मागे इंजिन. आजही बहुतेक रणगाड्यांची ठेवण तीच आहे. १९४० मध्ये फ्रेंच आणि ब्रिटिशांकडचे रणगाडे मिळून जर्मनांपेक्षा संख्येने कमी नव्हते, कित्येक तर जाड चिलखताचे, मोठ्या तोफेचे. पण जर्मनांनी आपल्या रणगाड्यांत रेडिओ बसवले, त्यांना पायदळात थोडे थोडे वाटून न टाकता एकत्र ठेवलं, आणि जागेवरच्या अधिकाऱ्याला निर्णय घेऊ दिला. सहा आठवड्यांत फ्रान्स पडला. आणि गंमत म्हणजे ही कल्पना काही फक्त जर्मनांची नव्हती. फुलर, लिडेल हार्ट हे इंग्रज ती वर्षानुवर्षं लिहीत होते. घरच्यांनी वाचलं नाही, शेजाऱ्याने वाचलं.

आपल्याकडे घोडे जायला १९३८ उजाडलं. सिंद हॉर्स आणि १३ लान्सर्स या पहिल्या दोन रेजिमेंटांनी घोडे सोडून चिलखती गाड्या घेतल्या. घोड्याची पाठ थोपटणाऱ्या स्वारांना एका सकाळी इंजिन पुसायला लागलं असेल, तेव्हा काय वाटलं असेल त्यांना? आज या सगळ्याचं माहेर म्हणजे नगर, आताचं अहिल्यानगर. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल १९४८ पासून तिथे आहे, आणि १९९४ मध्ये सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालयही. जुनी रोल्स-रॉइस चिलखती गाडी, मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, १९६५ चा पॅटन, आपला विजयंत, सगळे ओळीने उभे आहेत. काकांचं प्रशिक्षणही नगरलाच झालं. तिथे पहिल्या दिवशी त्यांना विचारलं, गाव कुठलं? हे म्हणाले, कर्जतजवळ. हवालदार खूश, "अरे, मग इथलाच की तू!" नगर जिल्ह्यातही एक कर्जत आहे ना. काका सांगतात, त्या गैरसमजावर मी पहिल्या आठवड्यात दोनदा जास्तीची भाकरी खाल्ली.

नगरला गेलात तर पूना हॉर्सची गोष्ट जरूर विचारा. ही रेजिमेंट १८१७ मध्ये पुणे तहाप्रमाणे उभी राहिली, खर्च पेशव्यांच्या खजिन्यातून. सोमवर ती घोड्यावर होती. १९६५ मध्ये ती सेंच्युरियन रणगाड्यांवर होती आणि लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर तिचे प्रमुख होते. मुंबईत जन्मलेले, पुण्यात शिकलेले. फिल्लोराला जखमी झाले, मागे जायला नकार दिला, आणि १६ सप्टेंबरला बुटूर डोग्रांडीला गेले. पहिला रणगाडा लढाईत उतरल्याला आदल्याच दिवशी एकोणपन्नास वर्षं झाली होती. १९७१ मध्ये त्याच रेजिमेंटचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, जन्म पुण्याचा, वय एकवीस. १६ डिसेंबरला बसंतरला त्याच्या रणगाड्याला आग लागली, वरून हुकूम आला सोडून दे, त्याने सोडला नाही, कारण तोफ अजून चालू होती. दोघांनाही परमवीरचक्र, मरणोत्तर. खेत्रपालचा तो 'फामागुस्ता' रणगाडा नगरलाच जपून ठेवलाय.

या दोघांची नावं घेताना मला कळलं, चौथऱ्यावरच्या रणगाड्याची मला अडचण का वाटत होती. चौथऱ्यावर फक्त लोखंड दिसतं. झाकण वेल्डिंगने बंद केलेलं, तोफ आभाळाकडे, वर रंगाचा हात. आतली माणसं दिसत नाहीत. पोरं नळीला लोंबकळून फोटो काढतात आणि त्यांची समजूत होते, की ही वस्तूच शूर आहे.

काकांना मी सरळ विचारलं, "अप्पाकाका, तुम्हाला काय वाटतं? बसवावा चौकात?" मला वाटलं एक तर अभिमानाने हो म्हणतील, नाही तर माझ्या बाजूने बोलतील. त्यांनी भलतंच काही सांगितलं.

"एकाहत्तरला पंजाबकडे होतो. एका नाल्यात माझा गाडा रुतला. चूक माझीच, वरून जमीन कोरडी दिसली म्हणून घातला. रात्र झाली. रिकव्हरीवाले सकाळशिवाय येणार नव्हते. रात्रभर पायदळाची दहा पोरं आमच्या भोवती बसून होती, रायफली घेऊन. थंडी अशी की बोलताना दात वाजतायत. एवढं चाळीस टनांचं धूड, आणि त्याला राखायला ती दहा पोरं. सकाळी त्यांना चहा देऊ म्हटलं तर ती पुढे निघून गेली होती. नावंसुद्धा विचारायची राहिली."

आमच्या घरात पन्नास वर्षांत ही गोष्ट कुणी ऐकली नव्हती. काकूसुद्धा दारात उभी राहून ऐकत होती.

मग म्हणाले, "बसवा खुशाल. पण झाकण उघडं ठेवा. मे महिन्यात दुपारी एकेका पोराला आत बसवा, दहा मिनिटं. बाहेरून कुणी तरी हातोडा ठोका. मग बाहेर आल्यावर ज्याला फोटो काढायचा त्याने काढावा."

यावर मी काय बोलणार? तेव्हा मी माझं मत बदललंय. आता मी 'नको' म्हणत नाही. माझं मत असं, की रणगाडा आणायचा असेल तर झाकण उघडं हवं, आत शिरायला शिडी हवी, आणि शेजारी चांगल्या मराठीत पाटी हवी. त्या पाटीवर हे यंत्र शेतातून आलं हे लिहा. पहिले कसे रुतले ते लिहा. तारापोर, खेत्रपाल यांची नावं लिहा, आणि नाव न विचारलेल्या त्या दहा पोरांसाठी एक ओळ ठेवा. हे करायची तयारी नसेल तर पैसे वाचवा आणि त्या पैशांत दरवर्षी शाळेची एक बस भरून नगरला न्या. तिथे नुसतं लोखंड नाही, त्याची गोष्टही आहे.

ग्रुपवर हे सगळं लिहिलं. उत्तर आलं, "एवढं मोठं कोण वाचणार? मत दे, हो का नाही?"

अलीकडे बातम्यांत युक्रेनच्या लढाईतले रणगाडे दिसतात, डोक्यावर लोखंडी जाळ्यांची छपरं बांधलेले, वरून येणाऱ्या छोट्या ड्रोनच्या भीतीने. मग चर्चा सुरू होते, रणगाड्याचे दिवस संपले का? ही चर्चा याआधीही पुष्कळदा झालीय. मला त्यातलं कळत नाही. त्या जाळीखालीही कुणी तरी विशी-बाविशीचं पोर, घामाघूम, हेडफोन लावून बसलेलं असणार, एवढंच मला दिसतं.

काकांच्या शेतातलं भात तीन तासांत कापून झालं. हार्वेस्टरवाला आमच्या शेजारच्या खाचरात निघाला होता, तेव्हा काका काठी टेकत उठले आणि त्याला हाताने अडवलं. "तिकडून नको. त्या कोपऱ्याला झरा आहे, वरून कोरडं दिसतं." ड्रायव्हर पंचविशीचा, परप्रांतातला. एरवी अशी पोरं म्हाताऱ्यांचं ऐकत नाहीत. हा खाली उतरला, कोपऱ्यात जाऊन पाय दाबून बघितला, आणि यंत्र दुसऱ्या बाजूने घेतलं.

तुमच्या गावात, शहरात असा रणगाडा आहे का? त्याच्या पाटीवर काय लिहिलंय? जमलं तर वाचून कळवा. आणि नात्यातल्यांनो, पुढच्या खेपेला खालापूरला गेलात तर अप्पाकाकांच्या डाव्या बाजूला बसा आणि विचारा. आता ते सांगतात.